डावा बॉक्स

"आधी बसायची जागा दाखवा."

कुणाच्याही घरात शिरल्यावर काकांचं हे पहिलं वाक्य. खांद्यावर भलामोठा खोका, त्या खोक्याकडे डोळे लावून उभं असलेलं सगळं घर, आणि हा माणूस खोका भिंतीशी टेकवून विचारणार की तुमच्यात कोण कुठे बसतं. मग दाखवलेल्या जागेवर स्वतः जाऊन बसणार. खुर्ची असेल तर खुर्चीत, चटई असेल तर मांडी घालून. बसून एक टाळी वाजवणार आणि गप्प राहून ऐकणार. घरातल्यांना वाटायचं, आता बहुतेक आरती म्हणायची आहे. एका घरात तर एका आजींनी खरंच हात जोडले होते.

"हिकडं आवाज फिरतोय," असं स्वतःशीच बोलून ते खिडकीचा पडदा ओढायला सांगायचे, नाहीतर रिकाम्या भिंतीकडे बघून मान हलवायचे. खोका उघडायची वेळ त्यानंतर यायची.

पेणला रामवाडीच्या बाजूला आमचं इलेक्ट्रॉनिक्सचं दुकान आहे. टीव्ही, मिक्सर, पंखे, आणि गाण्यांचे मिनी स्टिरिओ. मध्ये मशीन आणि दोन बाजूंना दोन बॉक्स. आमच्याकडे स्पीकर कुणी म्हणत नाही, बॉक्सच म्हणतात. तुम्ही विचाराल, सगळी गाणी मोबाइलवर असताना हे घेतं कोण? घेतात. घराला रंग दिला की घेतात, लग्न ठरलं की घेतात, गणपतीच्या आधी तर हमखास घेतात. सासरे गेल्यावर दुकान माझ्याकडे आलं आणि दुकानाबरोबर काका आले.

मी भूतकाळात लिहितेय म्हणून दचकू नका. काका ठणठणीत आहेत, रोह्याला आपल्या घरी आहेत. दोन वर्षांपूर्वी त्यांनी काम थांबवलं ते गुडघ्यांमुळे. कानामुळे नव्हे, हे मी मुद्दाम लिहून ठेवतेय. नाव मात्र लिहीत नाही. माझं नाव कशाला, मशीनचं लिहा, असं ते म्हणतील.

रोह्याजवळ धाटावला एका केमिकल कंपनीत काका वीसेक वर्षं कॉम्प्रेसरवर होते. तिन्ही शिफ्ट केल्या. कंपनी बंद पडली तेव्हा सासऱ्यांनी त्यांना आमच्याकडे आणलं. रोज सकाळच्या एसटीने यायचे, संध्याकाळच्या एसटीने परत. कंपनीत त्यांची ख्याती होती म्हणे, की मीटरचा काटा हलायच्या आधी हे बिघाड सांगतात. "मशीन आजारी पडायच्या आधी तिचा आवाज बदलतो," ते सांगायचे. "आपण फक्त ऐकायचं." आयुष्यभर त्या माणसाला कशाचा अभिमान असेल तर तो आपल्या कानांचा.

मला त्यांच्या या ऐकण्याचा राग यायचा. टीव्ही टांगणारा माणूस वीस मिनिटांत मोकळा होतो आणि काका मिनी लावायला गेले की दुपार गेली. लाल वायर लालमध्ये, काळी काळ्यात, रेडिओची तार खिडकीच्या चौकटीला, फोन जोडून दाखवला, संपलं की काम. मी तसं बोलूनही दाखवायची. काका शांतपणे म्हणायचे, "वैनी, टीव्ही मानूस समोर बसून बघतो. गाणं लावलं की त्याच्यात वावरतो. वेळ लागनार."

रामवाडीतल्याच एका घरातली गोष्ट. साहेबांनी सोफ्यावरची आपली जागा आधीच ठरवून ठेवली होती. काकांनी ती बघितली, मान डोलावली आणि विचारलं, "दिवसभर घरात कोन असतं?"

आतून बाईंचा आवाज आला, "मी."

"मंग तुम्ही कुठं असता?"

"कुठे असणार? ओट्याशी."

काका सरळ स्वयंपाकघरात गेले, ओट्याशी उभे राहिले आणि त्यांनी टाळी वाजवली. बॉक्स असे लागले की गाणं स्वयंपाकघराच्या दारातून थेट कढईपाशी. साहेबांनी दुसऱ्या दिवशी मला फोन करून चांगलंच सुनावलं. मी काकांना सुनावलं. काका म्हणाले, "त्यांना बोला, सोफा फिरवा." सोफा काही फिरला नाही, पण आता साहेब भाजी चिरायला ओट्याशी बसतात असं बाईंनीच मला सांगितलं. गाणं तिथे चांगलं ऐकू येतं म्हणे.

काकांच्या पिशवीत टेस्टर, पक्कड, चिकटपट्टी आणि टिकल्यांचं पाकीट असायचं. टिकल्या कशाला, असं मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा त्यांनी रिमोट काढून दाखवला. चाळीस बटणं, अक्षरं मुंगीएवढी. घरात म्हातारं माणूस असलं की काका सुरू करायच्या बटणावर लाल टिकली लावायचे आणि आवाज कमी करायच्या बटणावर हिरवी. "बाकी बटनं नसली तरी चालतात," ते म्हणायचे. जोहे गावच्या एका आजींनी टिकली झिजली म्हणून दुकानात फोन केला होता. मशीन बिघडलंय, एवढंच त्यांनी मला सांगितलं. काका एसटीने गेले आणि टिकली लावून आले.

आणि हमरापूरचा तो गणपतीचा कारखाना. तुम्ही त्या बाजूने गेला असाल तर बघितलं असेल, फळ्याफळ्यांवर मूर्ती दाटीने उभ्या असतात, काही ओल्या, काही अर्ध्या रंगवलेल्या. तिथल्या मालकांनी मिनी घेतला आणि हौसेने बॉक्स मूर्तींच्या फळीवरच ठेवले. काका पोचेपर्यंत दोन गाणी वाजून झाली होती आणि डोळ्यांची आखणी करणारी बाई ब्रश खाली ठेवून बसली होती. गाण्याच्या ठेक्याबरोबर फळी थरथरत होती, फळीबरोबर गणपती. भुवईची रेघ केसाएवढी असते, ती कशी ओढायची?

काकांनी बॉक्स उचलले, वेगळ्या दोन स्टुलांवर गोणपाटाच्या घड्या घातल्या आणि त्यावर ठेवले. ढुमढुम वाढवणाऱ्या बटणावर काळी टिकली लावली. "आखणी हुईस्तोवर ह्याला हात लावायचा नाय," असं मालकांनाच बजावलं. मग त्या बाईच्या पाटावर बसून टाळी वाजवली.

असे आमचे काका. आणि मग गुरुजींचा फोन आला.

गुरुजी म्हणजे पेणमधले एक निवृत्त शिक्षक, भजनात पेटी वाजवणारे. कान इतका तयार की शेजारच्या घरात कुकरची शिट्टी कुठल्या सुरात होते ते सांगतील. त्यांच्याकडे आठ दिवसांपूर्वीच काकांनी मिनी लावला होता. गुरुजी म्हणाले, "बाई उत्तम गाते हो. पण डावीकडे बसून गाते. मी समोर बसलोय. तिने माझ्याकडे तोंड करून गावं, एवढीच अपेक्षा."

काका दुसऱ्या कामावर होते म्हणून मीच गेले. बघते तर डावा बॉक्स उजव्यापेक्षा चांगला दीड वीत पुढे. कुणीतरी झाडताना सरकवला असेल असं समजून मी तो मागे ढकलला, दोन्ही एका ओळीत केले आणि आले.

त्याच आठवड्यात एका घरी पंख्याच्या कामाला गेले. तिथेही डावा बॉक्स पुढे. हमरापूरला गेले, तिथेही डावाच पुढे. जोह्यालाही तसंच. मी घरं आठवायला लागले. वर्षभरात काकांनी लावलेल्या प्रत्येक घरात डावा बॉक्स बसायच्या जागेकडे सरकलेला होता. मग दुकानातल्या गोष्टी आठवल्या. माझा काउंटर काकांच्या स्टुलाच्या डाव्या हाताला. वर्षभर मी हाका मारत होते, काका ऐकून न ऐकल्यासारखं करत होते, आणि म्हातारपणी माणसाला शिंगं फुटतात असं मी घरी जाऊन सांगत होते.

काका लोकांच्या घरात बसायच्या जागेवर बसायचे तेव्हा त्यांच्या डाव्या कानाला डावा बॉक्स कमी वाटायचा. दोन्ही बाजू सारख्या वाटेपर्यंत ते तो पुढे आणायचे. त्यांच्या हिशेबाने आवाज बरोबर मध्ये यायचा. फक्त तो त्यांच्या एकट्यासाठी मध्ये असायचा.

इथे शहाण्या माणसाने काकांना बाजूला घेऊन हळूच विचारलं असतं. मला तोंड सांभाळता येत नाही, हा माझा जुना आजार. दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी असताना मी काउंटरवरून म्हटलं, "काका, तुम्हाला डाव्या कानाने ऐकू येत नाही का?"

काका वायर सोलत होते, सोलत राहिले. तेव्हा एका गिऱ्हाइकाने त्यांच्या समोर जाऊन मोठ्याने सांगितलं, "काका, वहिनी विचारतायत, डाव्या कानाने ऐकू येत नाही का?"

काकांनी हातातली वायर नीट गुंडाळली, स्टुलावर ठेवली, पिशवी उचलली आणि चपला घालून ते निघून गेले.

दुसऱ्या दिवशी आले नाहीत. तिसऱ्या दिवशी रोह्याच्या एसटीच्या कंडक्टरने त्यांची पिशवी दुकानात आणून दिली. आत सगळं जागच्या जागी होतं, टिकल्यांसकट. वर चिठ्ठी होती. "वैनी, कान गेला आहे हे खरं. वर्षभर मला ठाऊक होतं. लोकांच्या घरात वाकडा आवाज लावून आलो. दुसरा माणूस बघा."

चिठ्ठी वाचून मला रडू आलं. त्यांच्या कानाचं वाईट वाटलंच, पण जास्त वाटली ती माझी लाज. गिऱ्हाइकांसमोर मी त्यांच्या एकुलत्या एका अभिमानावर बोट ठेवलं होतं.

रविवारी पिशवी घेऊन मी रोह्याला गेले. काकूंनी दार उघडलं. "ये गो बाय. बघ, दोन दिस झाले, मशीनला हात लावला नाय त्यांनी." घरात त्यांचा स्वतःचा जुना मिनी होता, त्यावर टॉवेल टाकून ठेवलेला. काका पडवीत पाठ करून बसले होते. मी त्यांच्या उजव्या बाजूला जाऊन बसले.

"कान दाखवलात का?"

"दाखवला. सरकारी दवाखान्यात. डॉक्टर बोलले, नस गेली. वीस वर्सं कॉम्प्रेसर डाव्या हाताला व्हता."

"मग मला सांगितलं का नाही?"

"काय सांगू? ज्याला ऐकू येत नाय त्याला आवाज बसवायला कोन पाठवील? तुम्ही पाठवलं असतं?"

खरं उत्तर नाही असं होतं.

काकू दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "मला तर कधीचं म्हाईत हाय."

काकांनी मान वळवली.

"जेवताना मी तुमच्या डाव्या अंगाला बसायची. दोन वर्सं झाली, पाट हिकडं आनला. तुमाला कळलं तरी काय?"

काका त्यांच्याकडे बघतच राहिले. काकूंना तेवढा वेळ नव्हता. त्यांनी आत जाऊन टॉवेल काढला, रेडिओ लावला. कुणी बाई बातम्या सांगत होती. काकू समोरच्या भिंतीला टेकून बसल्या आणि म्हणाल्या, "इतकी वर्सं लोकांच्या जागंवर तुमी बसता. ऐकनारा तो हाय, त्याला बसू द्या ना. मी डोळे मिटते. ही बाय कुठं बसलीय ते बोटानं दावते. तुमी बॉक्स सरकवा."

त्यांनी डोळे मिटले आणि हात पुढे केला. बोट डाव्या बॉक्सवर गेलं, कारण त्यांच्याही घरात तो पुढे होता. काका उठले, डावा बॉक्स चार बोटं मागे घेतला. काकूंचं बोट थोडं सरकलं. आणखी मागे घेतला, बोट आणखी सरकलं. काका गुडघ्यांवर बसून आता बॉक्सकडे बघतच नव्हते, त्या बोटाकडे बघत होते. बोट मशीनच्या बरोबर मध्यावर येऊन थांबलं.

"बरोबर हाय?"

"समोर बसलीय बाय," डोळे मिटूनच काकू म्हणाल्या. "चा इचारू का तिला?"

काका हसले. मग त्यांनी उगाचच बॉक्स पुन्हा पुढे घेतला, बोट डावीकडे गेलं. मागे घेतला, बोट मध्ये आलं. चार वेळा असं केलं. शेवटी काकू वैतागून म्हणाल्या की माझा हात भरून आला.

मी पिशवी पुढे केली. काकांनी ती लगेच घेतली नाही. "एक बोलतो, वैनी. आधी ती सगळी घरं नीट करनार. तोवर नवीन खोका उघडनार नाय. आणि घरी जाऊन काय सांगायचं ते मी सांगनार."

मी ज्या चार घरांत त्यांच्याबरोबर गेले तिथे मी बघितलं. दारातच सांगायचे, "माझा डावा कान गेलाय. तुमचा आवाज चुकीचा लागलाय. तो नीट करायला आलोय." पहिल्या घरात हे सांगताना त्यांचा आवाज इतका बारीक होता की त्या घरच्यांनाच ऐकू आलं नाही आणि त्यांना ते दोनदा सांगावं लागलं. ओट्याशी गाणं ऐकणाऱ्या बाई म्हणाल्या की आमचं लावलंत तेव्हा कान चांगला होता, आमच्या बॉक्सला हात लावू नका. हमरापूरला आखणी करणाऱ्या बाईने ऐकून घेतलं, डोळे मिटून हातातल्या ब्रशने जागा दाखवली, बॉक्स लागला, आणि मग ती म्हणाली, "काका, माजा डावा डोला अंधुक हाय. गनपतीचे दोनी डोले मीच आखते ना?" पुढच्या घरी काकांचा आवाज चांगला खणखणीत निघाला.

गुरुजींचं घर त्यांनी शेवटी ठेवलं होतं. मी म्हटलं, तिथे मी आधीच नीट करून आलेय, जायची गरज नाही. काका म्हणाले, "त्यांना मी सांगितलेलं नाय." मनातून ते घाबरले होते, मला दिसत होतं. बाकीच्या घरांत गाणी ऐकणारी माणसं होती, इथे सूर ओळखणारा होता.

गुरुजींनी दारातच सगळं ऐकून घेतलं. मग माझ्याकडे बघत म्हणाले, "बरं झालं आलात. या बाईंनी सरकवल्यापासून गाणारी उजवीकडे जाऊन बसलीय. कळवणार होतो, पण यांचा स्वभाव ऐकून आहे."

गुरुजी खुर्चीत बसले, डोळे मिटले, हात उचलला. बोट खरंच उजवीकडे होतं. काकांनी डावा बॉक्स हळूहळू पुढे घेतला. एक बोट, दोन बोटं. चार बोटं पुढे आल्यावर गुरुजींचा हात मध्यावर येऊन थांबला आणि ते म्हणाले, "इथे."

काका मागे वळून खोलीकडे बघायला लागले. गुरुजींच्या डाव्या अंगाला मोठी उघडी खिडकी, उजव्या अंगाला कोरी भिंत. "खिडकीतून आवाज बाहेर जातोय," ते म्हणाले. "हितं डावा थोडा पुढंच पायजे." मग माझ्याकडे वळून, "तुम्ही एका ओळीत लावलात, वैनी. जागा बघितली नाय." दोन चांगले कान असलेल्या मला ते शिकवत होते. एरवी मी चिडले असते, त्या दिवशी फार बरं वाटलं.

गुरुजींनी पेन्सिल आणली आणि बॉक्सच्या कडेने जमिनीवर काकांकडून रेघ मारून घेतली. पुढच्या महिन्यात आपला भाचा नवीन मिनी घेणार आहे, तो लावायला काकांनाच पाठवा, असं त्यांनी मला वर बजावलं.

आम्ही दोघं स्टँडपर्यंत चालत आलो. संध्याकाळची वेळ, रोह्याच्या गाडीला रांग लागलेली, कंपन्यांतून सुटलेली माणसं, बाजार करून निघालेल्या बायका. काका रांगेत उभे राहिले, पिशवी खांद्यावर घेतली.

"उद्या कुठं जायचंय?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. त्यांना ऐकू गेलं नाही, मी चुकून डावीकडे उभी होते. वर्षभर अशा वेळी ते नुसती मान हलवायचे. त्या दिवशी त्यांनी भर रांगेत, दहा माणसांनी वळून बघावं एवढ्या मोठ्याने मला म्हटलं, "वैनी, ह्या बाजूला या. त्या कानानं ऐकू येत नाय मला."

मी वळसा घालून उजव्या बाजूला गेले.

"जोह्याला," मी म्हटलं. "नवीन खोका आहे."